केळीच्या चिकाची बोटं

कोजागिरी होऊन गेली की जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीचा वास बदलतो. कुणाकडे खोबऱ्याचे काप तळले जात असतात, कुणाच्या भिंतीला रंगाचा पहिला हात लागलेला असतो, आणि दुपारचं ऊन चढलं की या सगळ्यावर धूळ येऊन बसते. सकाळी अंगावर शाल लागते, अकरा वाजता पंखा लागतो. असोद्याच्या रस्त्याने कापसाने फुगलेले टेम्पो जातात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात. सहामाही परीक्षा संपून पोरांना सुट्टी लागते आणि त्यांच्या आयांना डोकेदुखी. याच दिवसांत माझ्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली जायची आणि गल्लीतली पोरं ग्रीटिंग कार्डं करायला येऊन बसायची.

यंदा सतरंजी माळ्यावरच राहिली होती. होळीच्या आधी हे गेले. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. फराळ शेजारपाजारचे आणून देतात. ही रीत मी जन्मभर पाळलेली आहे, पण आजवर देणाऱ्यांच्या बाजूने. डबा घेऊन दुसऱ्याच्या फाटकाशी जायचं, आवाज जरा खाली आणायचा, "काही लागलं तर सांगा" म्हणायचं आणि निघायचं. आता डबे माझ्याकडे येताहेत तेव्हा कळतंय की फाटकाशी आलेलं माणूस आत येऊन बसत नाही. ओट्यावर पाच घरांच्या शंकरपाळ्या आहेत आणि त्या खायला मी एकटी आहे.

तरी शंकरपाळ्यांचं काही नाही. मला धास्ती होती ती पोरांची. ती यंदा येणार नाहीत असं वाटत होतं, आणि एक दिवाळी चुकली की पुढच्या दिवाळीला कोण आठवण ठेवतं? यांच्या माघारी एवढीच एक गोष्ट उरली होती, जी आम्ही दोघं मिळून करत होतो. तीही गेली असती तर दिवाळी म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा लाल आकडा उरला असता.

ही कार्डं सुरू झाली त्या वर्षी हे साक्रीला होते. बदली झाली होती. आमचा हर्षल दुसरीत आणि पूनम बालवाडीत, म्हणून घर हलवलं नाही. हे तिकडे एका खोलीत राहायचे आणि पंधरा दिवसांनी यायचे, तेही एसटीची कृपा झाली तर. त्या पावसाळ्यात मी दोन पोरं, एक स्टोव्ह आणि एक गळका नळ एकटीने सांभाळला. पोरं झोपल्यावर बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी रेडिओशी भांडायची. बातम्या देणाऱ्या बाईला मी इतक्या वेळा उलट उत्तरं दिली असतील की तिला उचकी लागत असणार.

दिवाळी जवळ आली तशी बाजारात ग्रीटिंग कार्डांच्या गाड्या लागल्या. हर्षलला बाबांना कार्ड पाठवायचं होतं, आणि पाठवायचं तर चमकीवालंच. पूनमला तर कार्ड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, पण दादाला हवं ते तिलाही हवं. मी म्हटलं, घरीच करू. म्हटलं खरं, आणि मग पंचाईत झाली, कारण मला चित्र म्हणून फक्त डोंगरातून उगवणारा सूर्य काढता येतो, आणि तो दिवाळीच्या कामाचा नाही.

त्याच दिवशी असोद्याहून माझे दीर, म्हणजे भाऊ, केळीची पानं देऊन गेले होते. असोद्याला सासरच्यांच्या केळीच्या बागा. मी मात्र धुळ्याची, चौथ्या गल्लीत वाढलेली. कापूस बघितलेला, भुईमूग बघितलेला, केळं फक्त सोलून खाल्लेलं. पानं धुऊन मी जाड दांडे विळीवर कापायला घेतले. पहिला तुकडा खाली पडला आणि त्याच्या कापलेल्या तोंडाकडे मी बघतच राहिले. खालून गोल, वरून खोलगट, आत बारीक बारीक चौकटींची जाळी. ती सरळ पणती होती. बाजारात असा ठसा करून मागितला तर कुणी देणार नाही, आणि इथे तो झाडालाच लागलेला होता.

मग काय. एका वाटीत कुंकू कालवलं, एकीत नीळ, एकीत हळद. सतरंजीवर ड्रॉइंग पेपर पसरले. दांडा कुंकवात बुडवायचा, कागदावर दाबायचा, उचलायचा. पणती तयार. वर हळदीत बोट बुडवून एक टिकली, की ज्योत झाली. हर्षल प्रत्येक पणती पट्टीने मोजल्यासारखी ओळीत लावायचा. पूनमची पणती कुठेही उलटी पडायची, आणि "तेल सांडलं, तेल सांडलं" म्हणून तिचं तीच हसत बसायची. हात चिकट झाले की दोघं फ्रॉकला, चड्डीला, माझ्या पदराला आणि कागदाला पुसत होती. कागदावर काही दिसत नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नाही. पावसाळाभर बंद पडल्यासारखं झालेलं घर त्या दुपारी पुन्हा चालू झालं.

कार्डं पाकिटात घातली, पाकिटं न चिकटवता नुसती खोचली, कारण बुकपोस्टाला तिकीट कमी लागायचं. लाल पेटीत टाकायला पूनमला कडेवर उचलून धरलं, तर ती पाकीट सोडेना. आत अंधार आहे, बाबा ते घ्यायला त्यात कसे येतील, असा तिचा प्रश्न होता. मोठ्या मिनतवारीने एकेक बोट सोडवलं.

चार-सहा दिवसांनी तिच्या फ्रॉकवर तपकिरी डाग उमटले. मग हर्षलच्या चड्डीवर. मग माझ्या पदरावर, तोही नव्या साडीच्या. मी साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेलसुद्धा लावून पाहिलं. शेवटी शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "केयना चीक शे तो, माय. आते तो कपडासंगेच जाई." या अक्का कापडण्याकडच्या, त्यांची अहिराणी आजही तशीच खणखणीत आहे. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसत नाही, आणि मागाहून काळपट होऊन वर येतो, हे असोद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. पण कपड्यांचं एवढं नव्हतं. कार्डं तोवर नातेवाइकांच्या घरी पोचली होती.

भाऊबीजेला धुळ्याला गेले तर आईने कार्ड देवघराशेजारी ठेवलेलं. पणत्या छान होत्या. पण चारही बाजूंनी चॉकलेटी बोटंच बोटं, आणि मधोमध एक अख्खा छोटा पंजा. आई म्हणाली, "पोरेसना हात धोत जाय व माय, मंग कागद धरू दे." तिला वाटलं पोरांनी चहात हात बुडवून कार्ड केलंय. मी चिकाचं सांगू लागले तर मावशी हसत सुटली. जळगावला देऊन पोरगी केळीच्या चिकात पडली, असं तिने पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात सगळ्यांना सांगितलं.

हे मात्र चीक ओळखणारे होते. धनत्रयोदशीला साक्रीहून आले, पिशवी खाली ठेवली, आणि खिशातून ते कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "पोरांचे अंगठे कशाला घेतलेस? सातबारा नावावर करायचा होता का?" मी रडकुंडीला आले. मग ते खाली बसले, पूनमचा हात धरला आणि तिचं एकेक बोट कार्डावरच्या एकेका डागावर ठेवून बघायला लागले. हे हिचं, हे पण हिचं, हे मोठं हर्षलचं. कार्ड आलं तेव्हा त्यावर काही नव्हतं, म्हणाले. खोलीत खिडकीशी टेकवून ठेवलं होतं. रोज कामावरून परत आलं की एखादं बोट जास्त दिसायचं. "घरी आल्यावर कोणीतरी भेटल्यासारखं वाटायचं गं," असं ते बोलून गेले आणि लगेच चहा मागितला. यांच्या तोंडून असलं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही फारसं ऐकलं नाही. इकडे मी रेडिओशी भांडत होते तेव्हा तिकडे हेही एकटेच होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी बदली होऊन हे घरी आले आणि कार्डं पुन्हा झाली, या वेळी जुने कपडे घालून. मग गल्लीतली पोरं आली. हर्षल-पूनम मोठी होऊन ठसे मारायला लाजायला लागली, तरी गल्लीतली येत राहिली. पहिल्या खेपेच्या पोरी मला काकू म्हणायच्या. आज त्यांच्या पोरीही काकूच म्हणतात, त्यामुळे गल्लीत मी आजी व्हायची राहूनच गेले. हल्ली पोस्टात कुणी काही टाकत नाही. कार्ड झालं की आया मोबाईलवर फोटो काढतात आणि पाठवून देतात. फोटोत चीक जात नाही, पण पोरांना खरी मजा त्याचीच. तुळशीच्या लग्नापर्यंत ती पुन्हा पुन्हा येऊन कार्डं बघतात, कुणाची बोटं किती आली ते. त्याला ती "भुताची बोटं" म्हणतात.

या सगळ्यात यांनी एकही पणती कधी काढली नाही. यांचं काम ठरलेलं. सकाळी स्कूटरवर असोद्याला जायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून दांडे आणायचे, विळीवर तुकडे करून ठेवायचे आणि मग कागद दुमडायचे. मी पोरांना म्हणायची, काकांनाही एक ठसा मारायला द्या. ते म्हणायचे, "मी कारकून माणूस. मला कागदाची घडी घालता येते, तेवढी घालू दे." घडी मात्र अशी की दोन्ही कडा तंतोतंत जुळलेल्या, आणि शेवटी घडीवर अंगठा दाबून वरून खाली ओढायचा. दांडे कापून झाल्यावर हात धुवा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मी दर वर्षी ओरडायची, ते दर वर्षी हात पायजम्याला पुसायचे.

यंदा मी वसुबारसेपर्यंत वाट पाहिली. पूनमला फोन केला तर ती म्हणाली, "आई, यंदा राहू दे ना. तुलाच त्रास होईल." ती बंगळूरला असते, मायेने बोलते आणि फोन लवकर ठेवते. हर्षल परदेशात. आमची दिवाळी होते तेव्हा तो ऑफिसच्या गडबडीत असतो. त्याची मुलगी व्हिडिओवर मला रंगीत कागदाचा कंदील दाखवते, मी छान छान म्हणते. तिची बोटं मी एकदाच हातात धरली आहेत. तिला चिकाचं काय सांगणार, तिथे केळी प्लॅस्टिकच्या वेष्टनात येतात म्हणे.

मग मी एकटीच असोद्याला गेले. रिक्षाने स्टँडवर, तिथून बसने. भाऊ बागेत होते. आता त्यांचीही पाठ वाकली आहे. मला बघून लगबगीने पुढे आले. "कायले आल्या वहिनी? मले फोन केला असता तर पाठवून दिले असते." मी म्हटलं, दर वर्षी घरचं माणूस येऊन न्यायचं, यंदाही घरच्यानेच न्यावं. ते केळीच्या रांगेत वळले. कोयत्याने पानं उतरवली, दांडे तासले आणि ओल्या गोणपाटात बांधून दिले. फडक्याला हात पुसत म्हणाले, "पोरं येतीन ना पन?" मी हो म्हटलं. बसमध्ये मांडीवर ते ओलं ओझं घेऊन बसले तेव्हा त्या 'हो'वर माझाच विश्वास नव्हता.

दांडे थांबत नाहीत. एक रात्र गेली की तोंडं काळी पडतात, दुसऱ्या दिवशी चीक आटतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच माळ्यावरून सतरंजी काढली, अंथरली, वाट्या मांडल्या. कुंकू कालवताना हात थबकला, मग म्हटलं, हे कपाळाला लावायचं नाही, कागदाला लावायचंय. व्हरांड्यात बसून राहिले. गल्लीत पोरं खेळत होती. टिकल्या फुटत होत्या, सायकली पडत होत्या. दोघं-तिघं फाटकाच्या गजांतून आत डोकावून गेली. एकीच्या आईने तिला हाताला धरून नेलं, आणि नेताना माझ्याकडे बघून अशी हसली की जणू ती माझ्यावर उपकारच करत होती. चांगली बाई आहे. लहानपणी हिच्याच हाताला मी दांडा धरायला शिकवलं होतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. बसून तरी काय करायचं, निदान एक कार्ड आपणच करू, असं म्हणून मी कागद शोधायला उठले. नवे आणायचं सुचलंच नव्हतं. कपाटात वरच्या फळीवर गेल्या वर्षीचं एक पुडकं मिळालं, वर्तमानपत्रात बांधलेलं. गेल्या दिवाळीत यांनी जास्तीचे कागद दुमडून ठेवले होते, पुढच्या वर्षी कामाला येतील म्हणून. त्याच संध्याकाळी बांधून वर टाकले होते. मी व्हरांड्यात येऊन सुतळी सोडली.

वरचाच कागद हातात घेतला आणि तशीच राहिले. घडीच्या टोकाशी, जिथे अंगठा दाबून ओढणं संपवायचे, तिथे एक तपकिरी ठसा होता. लांबट, एका टोकाला जरा रुंद. दुसरा कागद पाहिला, त्यावरही. तिसऱ्यावर, चौथ्यावर, सगळ्या पुडक्यावर त्याच जागी तोच. हात न धुता घड्या घातल्या होत्या, अजून काय. मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा लहान पडला. किती दिवसांनी मी यांच्यावर ओरडले, अगदी मोठ्याने, हात धुवायला काय झालं होतं म्हणून. नंतर पदर तोंडाला लावून रडले.

अक्कांनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार. काठी टेकत फाटकातून आत आल्या आणि यंदा पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या सतरंजीवर बसलं. त्यांनी वाट्या बघितल्या, दांडे बघितले.

"मीच सांगं पोरेसले," त्या म्हणाल्या. "आवंदा काकूकडे जावानं नही. तुले तरास व्हई म्हनीसन."

"अक्का, पोरांचा नाही हो त्रास होत. पोरं येत नाहीत त्याचा होतो."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "मंग सांगानं व्हतं ना व माय. आम्हले कसं समजी?" आणि बसल्या जागेवरूनच नातीला हाक मारली, "स्वरा, ये व बेटा. आजून कोनी व्हई तर त्याले बी लई ये."

बाकीची पोरं फटाके आणायला बाजारात गेली होती. स्वरा एकटीच आली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. आतल्या भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे एकदा चोरून बघितलं, आजीकडे बघितलं, आणि कुणी काही म्हणत नाही असं पाहून मांडी घालून बसली. मी दांड्याचं काळं पडलेलं तोंड विळीवर कापून टाकलं. आतून अजून ओला होता. पणती तशीच, जाळीसकट.

पुडक्यातला कागद मी तिला द्यावा की नाही, यावरून माझं मन खालीवर होत होतं. हे कागद माझे होते. जपून ठेवावेत, कपाटात, साडीच्या घडीत. पण दुमडले होते ते पोरांसाठी. मी वरचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"काकू, याला आधीच कुणीतरी बोट लावलंय."

"काकांनी लावलंय."

"पण काका तर..." ती थांबली.

"गेल्या दिवाळीत लावलं होतं. तेव्हा दिसत नव्हतं."

"हां, चीक," ती म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही. दर वर्षी ती हेच बघत आली आहे. तिने कागद फिरवून अंगठा वरच्या अंगाला घेतला, दांडा कुंकवात बुडवला, जीभ बाहेर काढून नीट नेम धरला आणि अंगठ्याच्या बरोबर खाली दाबला. लाल पणती उमटली. मी ज्योतीसाठी हळदीची वाटी तिच्याकडे सरकवली. तिने ती चिकट हाताने परत माझ्याकडे ढकलली.

"याला नको. काकांनी काढलीये ना ज्योत."

अक्का पदराने चष्मा पुसत बसल्या. मी वाटी बाजूला ठेवली आणि तिच्यापुढे दुसरा कागद ठेवला. त्यावरही यांचा अंगठा होता.